बक्षीस चोरीच्या आधी

(मालेगाव, जि. वाशीम येथे भरलेल्या लेखापरीक्षक व संगणक व्यावसायिकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मुंबई-पुण्यात मी मालेगावचा म्हटलं की समोरचा हमखास यंत्रमागाबद्दल विचारतो. मग सांगावं लागतं, बाबा, ते नाशिकचं. आमचं मालेगाव वाशीमचं. आमच्याकडे माग नाहीत, सोयाबीन आहे. आज याच सोयाबीनपासून सुरुवात करतो, कारण विषय क्रिप्टोचा आहे.

कास्तकाराचं सोयाबीन निघतं तेव्हाच नेमका भाव पडलेला असतो. विकलं तर घाटा, ठेवलं तर दिवाळी आणि रब्बीची पेरणी दारात उभी. यावर पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालवली. माल बाजार समितीच्या गोदामात जातो, हातात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज येतं, सहा महिन्यांसाठी, सहा टक्क्यांनी. वखारीची पावती बँकेत ठेवूनही कर्ज मिळतं. माल जागेवर अडकलेला आणि पावती मात्र फिरती.

लिक्विड स्टेकिंग म्हणजे नेमकं हेच. इथेरियम या क्रिप्टो-जाळ्यावर व्यवहार तपासण्याचं काम करायचं तर त्याच जाळ्याची ३२ नाणी, म्हणजे ३२ इथर, तारण ठेवावे लागतात. लबाडी केली तर त्यातून कापले जातात, इमानदारीने काम केलं तर मोबदला मिळतो. ३२ इथर सामान्य माणसाकडे कुठून येणार? म्हणून लिडो, रॉकेट पूल असे प्रोटोकॉल निघाले. लोकांचे थोडे थोडे इथर गोळा करायचे, ऑपरेटरांमार्फत गुंतवायचे आणि ठेवणाऱ्याला बदल्यात टोकन द्यायचं. ते टोकन विकता येतं, त्यावर कर्जही काढता येतं. वखारीच्या पावतीचाच हा प्रकार. फरक असा, की आपल्या वखारीला कुलूप असतं, वखारपाल असतो. त्यांची वखार म्हणजे जगात कोणालाही वाचता येईल असा उघडा प्रोग्राम. तो आपण वाचू शकतो, तसा चोरही वाचू शकतो. क्रिप्टोत पैसे घाला असं सांगायला मी आलेलो नाही. माझा त्यात एक रुपयाही नाही. पण चुका शोधण्याच्या बाबतीत ही मंडळी आपल्या पुढे गेली आहेत, आणि ते कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

ऑक्टोबर २०२१ची गोष्ट. रॉकेट पूल सुरू व्हायला जेमतेम एक दिवस राहिला होता. तेव्हा दिमित्री त्सुमाक नावाच्या माणसाने एक भोक दाखवलं. समजा, वखारीचा नियम असा आहे, की एखाद्या खात्यावर पहिलं पोतं ज्याच्या नावाने पडेल त्याचंच नाव त्या खात्याला कायम लागेल. आता खातं सांभाळणाऱ्या माणसाने गुपचूप आपलं एक पोतं आधी टाकलं. मागून तुम्ही-आम्ही एकतीस पोती टाकली, प्रत्येक पोत्यावर आपलं नाव लिहिलं, तरी वखार ते नाव बघणारच नाही. माल उचलायचा हक्क पहिल्या पोतेवाल्याचा. इथेरियमच्या ठेव-व्यवस्थेत असाच नियम होता आणि रॉकेट पूल व लिडो या दोघांच्याही रचनेत त्यातून वाट फुटत होती. ऑपरेटरने एक इथर आपल्या पत्त्यावर आधी भरला, की लोकांचे मागून येणारे इथर त्याच्याच पत्त्याला बांधले जाणार.

आता गंमत ऐका. हा त्सुमाक स्टेकवाइज या दुसऱ्या स्टेकिंग प्रोटोकॉलचा संस्थापक, म्हणजे धंद्यातला प्रतिस्पर्धी. गप्प बसला असता तर समोरचं दुकान आपोआप बुडालं असतं. पण त्याने कळवलं. रॉकेट पूलने उद्घाटन पुढे ढकललं, दुरुस्ती केली आणि नोव्हेंबरात काम सुरू केलं. दोन्ही प्रोटोकॉलनी त्याला प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. आपल्या तालुक्यात एका पतसंस्थेने दुसरीला असं कळवल्याचं कोणाच्या ऐकण्यात असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर सांगा.

तुम्ही म्हणाल, ही परदेशातली कथा. मग मुंबईत या. पॉलिगॉन हे जाळं २०१७ साली मॅटिक या नावाने मुंबईत उभं राहिलं. त्याच्या चाचणी-जाळ्याचं नावही बरीच वर्षं 'मुंबई' होतं. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रं याच पॉलिगॉनवर नोंदवली गेली, तेव्हा विदर्भालाही ते परकं नाही. ३ डिसेंबर २०२१ रोजी लिऑन स्पेसवॉकर या टोपणनावाच्या माणसाने इम्युनेफाय या बक्षीस-मंचावरून पॉलिगॉनला कळवलं, की पैसे हलवणाऱ्या एका फंक्शनमध्ये देणाऱ्याच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे का, हेच तपासायचं राहून गेलंय. आपल्याकडे नव्या कॅशियरलाही पहिल्या दिवशी शिकवतो ते! मॅटिक हेच त्या जाळ्याच्या नाण्याचंही नाव; एकूण हजार कोटी मॅटिकपैकी ९२७ कोटी धोक्यात होते. दोन दिवसांत सगळं जाळं दुरुस्त झालं. तेवढ्यात कोणीतरी ८,०१,६०१ मॅटिक पळवलेच. तो तोटा पॉलिगॉनने सोसला. स्पेसवॉकरला २२ लाख डॉलर मिळाले. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका. वाचलेल्या रकमेशी तो ताडून बघा, म्हणजे स्वस्त वाटेल.

याच मुंबईतली दुसरी बाजू वझीरएक्सची. १८ जुलै २०२४ रोजी या क्रिप्टो-एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी गेली. त्या वॉलेटला अनेकांच्या सह्या लागत होत्या आणि सह्या झाल्याही. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसत होतं एक आणि सही पडली दुसऱ्यावर. अंगठा घेताना सावकार कागदाचा कोपरा कसा झाकायचा, हे वऱ्हाडात नव्याने सांगायला नको. त्यानंतर कंपनीने बक्षीस जाहीर केलं: परत मिळवलेल्या रकमेच्या दहा टक्के, म्हणजे २.३ कोटी डॉलरपर्यंत. ठेवीदारांना वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं. चोरीनंतर जाहीर होणाऱ्या रकमेला मी बक्षीस म्हणत नाही. बैल गेल्यावर कोणी झोपा बांधतो, कोणी चोरालाच विचारतो की बाबा, शिंगं ठेव आणि बैल दे. ही खंडणीची सभ्य भाषा झाली. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा तर असं बक्षीस निघाल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या तपासणीत मला दिसलं, की सभासद क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला की शेजाऱ्याचं खातं उघडतं. मी व्यवस्थापकांना दाखवलं, पत्रही दिलं. त्यांनी विचारलं, "साहेब, हे बघायला तुम्हाला सांगितलं कोणी?" आठवड्याने वकिलाची नोटीस आली. भोक तीन महिन्यांनी बुजलं, पत्राला उत्तर आजतागायत नाही.

त्या व्यवस्थापकांवर माझा राग नाही, कारण कायदाही तेच विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणाऱ्याला नुकसानभरपाईला जबाबदार धरतं; लबाडीचा हेतू ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे सांगत कोर्टाच्या पायऱ्या कोणी चढायच्या? म्हणून मला बग बाउंटीतला, म्हणजे चूक दाखवण्याच्या बक्षिसातला, पैसा दुय्यम वाटतो. लिडो मोठ्या चुकीला २० लाख डॉलरपर्यंत देऊ करतं, ते ठीक. पण नीट आखलेल्या बाउंटीच्या कागदावर काय तपासायचं, काय करायचं नाही, कोणाला कळवायचं आणि नियम पाळून तपासणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हेही लिहिलेलं असतं. तो आधी परवानगीचा कागद आहे, बक्षिसाचा नंतर. सरकारलाही हे सुचलं आहे: मे २०२० मध्ये आरोग्य सेतू ॲपचा कोड खुला करून चूक दाखवणाऱ्याला एक लाखापर्यंत बक्षीस ठेवलं होतं.

आमच्या पतसंस्थेकडे एवढा पैसा कुठला, हा प्रश्न मला अपेक्षित आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. बहुतेक लोक तो वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत.

तेव्हा माझं मागणं छोटं आहे. इथे आलेल्या प्रत्येक संस्थेने एका पानाचं जाहीर पत्र काढावं: आमच्या प्रणालीत चूक दिसली तर या माणसाला कळवा, इतक्या दिवसांत उत्तर देऊ, नियम पाळलेत तर तक्रार करणार नाही, आणि ऐपतीप्रमाणे पाचशे का होईना, देऊ. पत्राचा मसुदा मी दारापाशीच्या टेबलावर ठेवला आहे. घेऊन जा, संचालक मंडळापुढे मांडा. त्यात चूक सापडली तर जेवणाआधी मला दाखवा. पहिल्या चुकीला शंभर रुपये, माझ्या खिशातून.