बुरशीलाही विषाणू होतो

मी भिलाईहून बोलतोय. पावसाळा लागला की आमच्या बाजारात पुटू येतो; बस्तरात त्यालाच बोडा म्हणतात. भाव मटणाच्या वर! ही बुरशी सालवृक्षाच्या मुळांशी जोडून राहते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि फॉस्फरस पोचवते. आम्हा फौजींच्या भाषेत, रसद दोन्हीकडून चालते.

अशा मूळ-बुरशींच्या आत विषाणूही असतात. ते सहसा बाहेर पडत नाहीत. दोन बुरशींचे धागे जुळले की पलीकडे जातात, नाहीतर बीजाणूंतून पुढच्या पिढीत. आपल्याला त्यांची बाधा नाही, पुटू खुशाल शिजवा.

पण झाडाचं काय? अमेरिकेत यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीत एक गवत तगतं, ते अंगातल्या बुरशीमुळे. त्या बुरशीतला विषाणू काढला तर गवत टिकत नाही, हे २००७ मध्ये सिद्ध झालं. जपानमध्ये मात्र उलटं दिसलं. तिथे २०१२ मध्ये मुळांतल्या एका बुरशीत विषाणू सापडला. विषाणू नसलेल्या त्याच बुरशीने दुप्पट बीजाणू दिले आणि रोपंही जास्त वाढवली.

हे मी का सांगतोय? आपण मायकोरायझाची पाकिटं विकत घेतो. त्यांवर बीजाणूंचा आकडा असतो, आत विषाणू आहे की नाही ते नसतं. तेव्हा अख्ख्या वावरात टाकण्याआधी चार ओळींत टाका, शेजारच्या चार कोऱ्या ठेवा, आणि हंगामभर दोन्ही बघा.