भिंतीवर उतरलेला इतिहास

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये पुराचं पाणी वाहून नेणारा काँक्रीटचा एक कालवा आहे. त्याच्या भिंतीवर सुमारे 840 मीटर लांबीचं चित्र रंगवलेलं आहे. नाव, ‘ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस’.

चित्रकार ज्युडिथ बाका यांनी 1976 मध्ये हे काम हाती घेतलं. हाताशी होती वस्त्यावस्त्यांतली तरुण पोरं. काहींच्या नावावर पोलिसांत नोंदीही होत्या. पावसाळ्यात कालव्याला पाणी असायचं, म्हणून रंगकाम उन्हाळ्यात चालायचं. पाच उन्हाळ्यांत चारशेहून अधिक तरुणांचे हात या भिंतीला लागले.

ब्रश उचलण्याआधी इतिहासकारांशी आणि जुन्याजाणत्यांशी बोलणं व्हायचं. त्यातून कॅलिफोर्नियाचा पाठ्यपुस्तकांनी वगळलेला इतिहास पुढे आला. 1930 च्या दशकात मेक्सिकोला परत धाडलेली कुटुंबं आणि दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिक इथे दिसतात. एका भागात अजस्र महामार्ग एका कुटुंबाची ताटातूट करतात, आणि वरून एखाद्या उडत्या तबकडीसारखं बेसबॉलचं स्टेडियम उतरतं. शावेज रव्हीन भागातली मेक्सिकन वस्ती उठवून पुढे तिथे खरोखरच स्टेडियम उभं राहिलं!

मूळ चित्र 1950 च्या दशकापर्यंत येऊन थांबतं. 2017 मध्ये त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा यादीत नोंद झाली. 1950 च्या दशकापुढच्या काळाचं चित्रण आता सुरू झालं आहे.