अब्बांचा पेसमेकर कबरीत गेला

(नागपुरातील एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. तरीही आज हृदयाबद्दल बोलणार आहे, कारण एक गोष्ट पाच-सहा वर्षांपासून मनात अडकून बसली आहे.

अब्बांना सज्द्यातून उठताना अंधारी यायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, साखर कमी झाली असेल. एक दिवस ते वजूच्या नळाजवळच कोसळले. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला ३४. आपल्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो स्वतःच वीज तयार करतो. ती लहर मधल्या गाठीत क्षणभर थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. अब्बांच्या हृदयात ही मधली वाट पूर्ण बंद झाली होती. वरचे कप्पे आपल्या वेगाने चालत होते, खालचे कसेबसे ओढत होते. यावर गोळी नाही, पेसमेकर बसवावा लागतो. हृदयातल्या या विजेचा अभ्यास करणारी वैद्यकाची वेगळी शाखा आहे, इलेक्ट्रोफिजिऑलॉजी. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पेसमेकरचा तर्क वाचला तेव्हा मी चकित झालो. साध्या, एका तारेच्या पेसमेकरला मिनिटाला ६० ठोक्यांवर लावलं, तर त्याचं काम एवढंच: एक सेकंद थांब. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकू आला तर गप्प राहा आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आण. नाही आला तर विजेचा बारीकसा झटका दे. आमच्या ऑफिसात याहून साध्या कामासाठी हजार ओळींचा कोड लिहिला जातो!

दोन वर्षं अब्बा मजेत होते. २०१९ साली मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. गुस्ल देताना डाव्या हासळीखालचा तो उंचवटा माझ्या हाताला लागला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मोमिनपुऱ्याच्या कब्रस्तानात दफन झालं. रात्री झोप येईना, तेव्हा माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पेसमेकरची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं चालते. त्या यंत्राला आता ठोका ऐकू येत नाही. म्हणजे ते मातीखाली दर सेकंदाला झटका देत राहणार, पुढची कित्येक वर्षं.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर आगीत बॅटरीचा स्फोट होतो. आपल्याकडे तशी गरज पडत नाही, म्हणून विचारही होत नाही.

नंतर मी वाचायला लागलो आणि गाडी थेट मुंबईला पोचली. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमधलं काम २०१२ साली अमेरिकेच्या एका हृदयरोग नियतकालिकात छापून आलं. त्यात मुंबईचे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट डॉ. यश लोखंडवाला सहलेखक होते. अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी मृतांच्या शरीरातून काढलेले १२१ पेसमेकर दान दिले. ज्यांत पुरेशी बॅटरी शिल्लक होती असे ५३ निवडून, निर्जंतुक करून मुंबईतल्या गरीब रुग्णांना बसवले गेले. जंतुसंसर्ग नाही, यंत्र बंद पडलं नाही. माणसं पुन्हा कामाला लागली, बायका पुन्हा घर सांभाळू लागल्या.

बघा, मुंबईच्या गरिबासाठी पेसमेकर अमेरिकेतून येतो आणि नागपूरचा चांगला पेसमेकर नागपूरच्या मातीत जातो.

५३ हा आकडा लहान आहे, मान्य. २०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी मोठा अभ्यास मांडला. पुन्हा निर्जंतुक केलेली यंत्रं बसवलेले १०५१ रुग्ण आणि नवी यंत्रं बसवलेले ३१५३. दोन वर्षांत संसर्ग पहिल्या गटात २ टक्के, दुसऱ्यात १.२ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं गणित सांगतं. पण मी तो तुमच्यापासून लपवणार नाही.

एका मित्राने मला खडसावलं, "श्रीमंताचं उतरलेलं गरिबाच्या अंगावर, असंच ना?" प्रश्न खोटा नाही. कंपन्या पेसमेकरवर 'एकदाच वापरण्यासाठी' असं छापतात, आणि अमेरिका आपल्या रुग्णांना असा पेसमेकर बसवू देत नाही. म्हणून माझा क्रम असा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर येतो, तेव्हा ज्याला ती लागू आहे त्याला नवाच मिळाला पाहिजे. त्यासाठी कागदपत्रं गोळा करायला आपण मदत करू. जुन्याचा विचार फक्त त्याच्यासाठी, ज्याच्यापुढे जुना किंवा काहीच नाही एवढेच दोन पर्याय उरलेत. आणि त्याला सगळं समजावून, त्याची संमती घेऊनच. जुना बसवून नव्याचं बिल लावण्याची वाट कुणाला मोकळी ठेवायची नाही.

राहिला मय्यतीच्या आदराचा प्रश्न. जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ सालीच अटींसह अवयवदान मान्य केलं. पेसमेकर तर अवयवही नाही. कातडीखाली ठेवलेली वस्तू आहे, छोट्याशा छेदातून निघते आणि टाके घालता येतात. तरी ज्या घराला नको वाटेल त्याच्यावर जबरदस्ती नाही.

मागच्या वर्षी अम्मीलाही पेसमेकर बसला. मी धीर करून तिच्याशी बोललो. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "काढल्यावर नीट शिवतील ना?" मी हो म्हणालो. पेसमेकरसोबत मिळालेलं कार्ड, ज्यावर मॉडेल आणि नंबर असतो, ते तिने पर्समधून काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुझ्याकडेच ठेव, वेळेवर मला कोण विचारणार."

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं कार्ड असेल, तर आज जाऊन शोधा. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटायला चार-पाच जण हवे आहेत. काढलेल्या पेसमेकरचं नागपुरात काय होतं आणि कायद्याने काय करता येईल, हे दोन प्रश्न त्यांना विचारायचे आहेत. नावं माझ्याकडे द्या, मी इथेच थांबलोय.