कूर्मदृष्टीने पोट भरत नाही



११ ऑक्टोबर १७२४ रोजी या साखरखेर्डा गावाच्या शिवारात निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली आणि दख्खनच्या सत्तेचा निकाल लागला. अशा गावच्या व्यासपीठावरून मुठीत मावणाऱ्या कासवाच्या पोटाविषयी बोलावयाचे, हे काहींना विनोदाचे वाटेल. त्यातून आम्ही पडलो हमाल-मापाडी आणि जिनिंग कामगारांची संघटना बांधणारे. कासवाशी आमचा काय संबंध, असेही कोणी विचारील. संबंध पोटाचा आहे. आमचे सारे आयुष्य पोटाच्या प्रश्नात गेले. पोट माणसाचे असो की मुक्या जिवाचे, त्याचा हिशेब मांडताना लोक कोठे चुकतात, हे पाहण्याची आम्हांस सवय जडली आहे.

आपल्या संतवाङ्मयात कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो. कासवी पिलांना पाजत नाही, भरवीत नाही. नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना. चोखोबांच्या मेहुणाराजापासून जवळच वसलेल्या या गावाला कूर्मदृष्टी म्हणजे काय ते सांगावयास नको. भक्त आणि भगवंत यांच्या नात्यासाठी हा दृष्टान्त गोड आहे, आणि त्याच्या वाटेला जाण्याचा आमचा इरादा नाही. परंतु सृष्टीचा व्यवहार निराळा आहे. कासवी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिलाची व तिची पुन्हा ओळखही होत नाही. अंड्यातील बलकाची शिदोरी पोटात घेऊन पिलू बाहेर येते. ती काही दिवसांत सरली की ज्याचे त्याने मिळवून खावयाचे.

आज शहरांतील आणि आता तालुक्यांतीलही घराघरांतून काचेच्या टाकीत जे कासवाचे पिलू दिसते, त्याला मात्र मिळवून खाण्याची सोय नाही. मुले टाकीभोवती बसतात, कौतुकाने पाहतात, दुकानदाराने दिलेल्या डबीतले चार दाणे टाकतात आणि पोषण झाले असे समजतात. म्हणजे कूर्मदृष्टीच! आणि वर्ष-सहा महिन्यांत ते पिलू डोळे मिटून पडते. तेव्हा घरचे म्हणतात, ‘खायला तर रोज घालीत होतो.’ आजचे आमचे सांगणे या एका वाक्याबद्दल आहे. खायला घालणे निराळे आणि पोसणे निराळे.

प्रथम हे कासव कोणते ते पाहू. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हे हिरवे पिलू मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकत आणताना ते जुन्या रुपयाएवढे असते. ‘हे एवढेच राहते’ असे सांगून ते विकले जाते. ही शुद्ध थाप आहे. नीट वाढले तर मादी वीतभराच्याही पुढे जाते, आणि हा प्राणी वीस-तीस वर्षे सहज जगतो. जे एवढेच राहते, ते उपाशी राहिलेले असते.

आता पोटाकडे वळू. आपले शरीर आपली ऊब आपणच तयार करते. कासवाचे तसे नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. बॉयलरमध्ये कोळसा भरला पण विस्तव घातला नाही, तर वाफ होईल काय? कासवाच्या पोटात अन्न हा कोळसा आणि अंगाला मिळालेली ऊब हा विस्तव. पिलाच्या टाकीतील पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे, आणि पाण्याबाहेर चढून बसावयास कोरडी जागा असावी, जेथे ३२ ते ३५ अंशांपर्यंत ऊब मिळेल. आपल्याकडे पौष-माघात रात्री पारा बराच खाली येतो. अशा गार पाण्यात कासवाचे पचन मंदावते, जवळजवळ थांबते. त्या वेळी प्रेमाने खाऊ घातलेला घास पोटात तसाच पडून राहतो आणि कुजतो. म्हणून थंडीत पिलू खात नसेल, तर घास पुढे करण्याआधी पाण्यात तापमापक घालावा. आधी ऊब, मग अन्न, हा क्रम कधी मोडू नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. ऊन केवळ उबेसाठी नव्हे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच आतडे अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट शोषून घेते. विलायतेतील धुराने काळवंडलेल्या गिरणगावांत कामगारांची पोरे मुडदुसाने वाकड्या पायांची होत. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना अतिनील दिव्यापुढे बसवून बरे करून दाखविले. ज्या कासवाला ऊन मिळत नाही, त्याची पाठ मऊ पडते, कवच वेडेवाकडे वाढते, पाय लुळावतात, आणि आतड्यांची हालचाल मंदावून मलावरोध होतो. तो मुडदूसच. ध्यानात ठेवावयाचे ते हे की खिडकीच्या काचेतून आलेले ऊन ऊब देते, पण हे किरण काच अडविते. तेव्हा पिलाला सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास पसरट घमेल्यात ठेवावे. त्यात थोडे पाणी असावे, अर्धा भाग सावलीत असावा, आणि कावळ्या-मांजरापासून राखण करावी. काचेची टाकी मात्र उन्हात कधी ठेवू नये. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. टाकीतले पाणी बघता बघता तापते आणि कासव त्यात अक्षरशः शिजते. ऊन देणे शक्यच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा अतिनील दिवा लावावा. तो जळत राहिला तरी त्यातले हे किरण काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून तो वेळेवर बदलावा.

तिसरी गोष्ट एकाच अन्नाची. डबीत भरून मिळणारे सुके झिंगे हे बहुतेक पिलांचे सकाळ-संध्याकाळचे जेवण असते. झिंगा विष नव्हे. पण केवळ झिंगा म्हणजे पोटभर उपासमार. त्यात अ जीवनसत्त्व पुरेसे नसते. काही महिन्यांनी पापण्या सुजतात, डोळे मिटतात. डोळे मिटले की खाणे दिसत नाही, खाणे दिसले नाही की पिलू खात नाही, आणि असे हे दुष्टचक्र मरणापर्यंत जाते. हे ऐकून आम्हांस आपल्या ज्वारीच्या मुलखाचीच आठवण होते. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनमधील गरिबांतील पेलाग्रा या रोगाचा संबंध त्यांच्या ज्वारीप्रधान आहाराशी जोडून दाखविला. कातडी काळवंडून फाटते, हगवण लागते, असा तो रोग. ज्वारी वाईट नाही. आपण सारे तिच्यावरच वाढलो. पण ज्याच्या ताटात भाकरीशिवाय काहीच पडत नाही, त्याचे पोट भरते आणि शरीर उपाशी राहते. मजुराचे ताट असो की कासवाची टाकी, न्याय एकच.

मग घालावे काय? पिलू लहान असताना त्याचा ओढा मांसाहाराकडे असतो; वय वाढेल तसा पाल्याकडे वळतो. चांगल्या प्रतीचे कासवखाद्य हा पाया ठेवावा. त्याच्या जोडीला गांडूळखताच्या खड्ड्यातील गांडुळे, काट्यासकट बारीक मासे, गोगलगाय, असे आलटून पालटून द्यावे. पाल्यात पाण्यावर तरंगणारा अझोला उत्तम. आपल्याकडे तो गुरांसाठी अनेक शेतकरी करतात. तुतीचा किंवा शेवग्याचा कोवळा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा हेही चालते. पालक वरचेवर देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल चुना बांधून ठेवते. नुसते मांसाचे तुकडेही नकोत. त्यांत चुना नगण्य असतो. चुन्यासाठी वैद्याकडचे समुद्रफेन टाकीत टाकून ठेवावे. पिलू ते आपल्या मर्जीने कुरतडते. पोळी, भात, पाव, दूध, शेव, बिस्कीट यांपैकी काहीही देऊ नये. सरपटणाऱ्या प्राण्याचे आतडे दुधासाठी घडलेलेच नाही. बाजारातली खारवलेली सुकटही नको.

आणि कपाशीच्या शेतातून धरलेले किडे तर मुळीच देऊ नयेत. फवारणीचे विष काय असते हे विदर्भाला सांगण्याची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. जे विष धडधाकट माणसाला आडवे करते, ते किड्यावाटे या चिमुकल्या पोटात जाऊ देऊ नये.

किती घालावे? पिलाला दिवसातून एकदा, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढे किंवा दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतके. उरलेले काढून टाकावे. वर्षभराने मांसाहार एक दिवसाआड करावा आणि पाला रोज ठेवावा. कासव मागते म्हणून घालीत सुटू नये. ते नेहमीच मागते. घास पाण्यातच द्यावा, कारण हे कासव पाण्याच्या मदतीने गिळते. खाण्यासाठी वेगळे घमेले ठेवले तर टाकी लवकर घाण होत नाही. टाकीत शोभेची बारीक खडी घालू नये. पिलू ती गिळते आणि आतडे तुंबते. दगड घालावयाचे तर त्याच्या डोक्याहून मोठे.

खाल्ल्यावर त्याला निवांत उबेत बसू द्यावे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी ही एक मागणी होती. भाकरी मिळणे पुरेसे नाही, ती खावयास आणि पचवावयास उसंत हवी, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते. आपली मुले मात्र कासवाने चार घास खाल्ले की त्याला उचलतात, पालथे घालतात, पाहुण्यांना दाखवितात. त्यांना हे समजावून सांगितले पाहिजे.

मुलांवरून आणखी एक. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, पण लहान मुलाला जुलाब, ताप आणि कधी त्याहून गंभीर आजार होतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी मोरीत किंवा स्वयंपाकघरात ओतू नये, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती कासव देऊ नये.

बंधुभगिनींनो, आमच्या कामगाराला दाद मागता येते. तो अर्ज करतो, नोटीस देतो, संप करतो. या मुक्या जिवाजवळ एकच हत्यार आहे, ते म्हणजे अन्नत्याग. त्याने खाणे सोडले की ती नोटीस समजावी. शहाणा मालक अशा वेळी बळजबरी करीत नाही, परिस्थिती तपासतो. पाणी गार आहे काय? ऊन मिळाले काय? पाणी घाण आहे काय? तेच ते अन्न चालू आहे काय? हे चारही तपासून दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा डोळे सुजले, कासव पाण्यात एका अंगाला कलंडून तरंगू लागले, गुदद्वारातून मांस बाहेर आले, तर पशुवैद्याकडे जावे. तालुक्याच्या डॉक्टरांना कासवाचा अनुभव नसेल तर त्यांनाच विचारून पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला मिळवावा. औषधांच्या दुकानातून जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणून स्वतः टोचू नये. अ जीवनसत्त्व जास्त झाले तर कातडी सोलून निघते.

शेवटी सर्वांत कठीण गोष्ट. दोन-तीन वर्षांनी कासव ताटलीएवढे झाले, टाकी पुरेना, हौस फिटली, की माणसाला विहीर आठवते. विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, ही आपल्याकडची जुनी समजूत. कोणी गावतळ्यात सोडतो, कोणी खडकपूर्णेच्या जलाशयात, आणि पुण्य केले असे मानतो. हे पुण्य नव्हे. हे परदेशी कासव खादाड आणि चिवट आहे. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर उपऱ्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याच्या आयातीवर बंदी घातली. आपल्या तळ्यातील कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा ते बळकावते, आणि रोगही देते. उलट तळ्यातले देशी कासव उचलून घरी आणणे, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे बाहेरचे बाहेर सोडू नये आणि इथले घरात आणू नये. सांभाळणे अशक्यच झाले तर दुसरा जाणता पाळणारा शोधावा.

म्हणून आमची विनंती अशी की, ज्याने अजून आणले नाही त्याने आणण्यापूर्वी वीस वर्षांचा हिशेब मांडावा. बहुतेकांचे उत्तर ‘नको’ असे येईल, आणि ते प्रामाणिक उत्तर ठरेल. ज्याने आणले आहे, त्याने आज घरी गेल्यावर टाकीच्या पाण्यात हात घालून पाहावा आणि डबीवर काय लिहिले आहे ते वाचावे. ज्याला आपण काचेआड ठेवले, त्याचे ऊन, ऊब, अन्न आणि उसंत या चारही गोष्टी आपल्या अंगावर आल्या. नुसते पाहणे देवाला शोभते. आपल्याला हात हलवावे लागतील.