जुन्या जीपची परतीची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत देहरादून येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, हिमालयातील वनस्पतींवरही उत्तम भाषण झाले. त्या पंगतीत आमच्या विषयाचे पान मांडताना संयोजकांना संकोच वाटला असल्यास नवल नाही. आमचा विषय म्हणजे मंडळाची जुनी जीप, तिची हत्यारे आणि तिच्या तारा. ‘आम्ही’ म्हणजे दर रविवारी सकाळी मागच्या शेडमध्ये हात काळे करून घेणारे चार-पाच सभासद. आमच्यापैकी धंदेवाईक मेकॅनिक एकही नाही. कोणी सर्वेक्षण खात्यात आयुष्य काढले, कोणी तेल आयोगात, तर कोणी शाळेत. जे काही आलो ते चुकत चुकत शिकलो, आणि त्यांतली एक मोठी चूक आज आपल्यापुढे कबूल करायची आहे.

त्याला निमित्तही आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ही जीप विकून टाकावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला आहे. ठराव मांडणाऱ्यांचे मुद्दे खरे आहेत. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते, आणि आमच्यापैकी दोघांना आता गाडीखाली शिरता येत नाही. तेव्हा ठरावाला विरोध करण्यासाठी आम्ही उभे नाही. निर्णय होण्याआधी आपण काय विकतो आहोत ते सांगावे, एवढीच इच्छा आहे.

गाडी १९६५ सालची. मंडळाने ती १९८३ साली लिलावात घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलीस कंपनीच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढे तिचे भागही आपल्याकडेच होऊ लागले. त्याच घराण्यातली ही. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांप्रमाणे तीही मुंबईहून नोकरीनिमित्त या डोंगरांच्या पायथ्याशी आली आणि इथलीच झाली! इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सीसीचे. त्याच्या प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा. हा क्रम शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे आणि रंगकाम करणाऱ्यास तेवढा भाग सोडून रंग देण्याची ताकीद आहे. या गाडीतून गणपतीच्या मूर्ती आल्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे आले आणि अपरात्री रुग्णही गेले.

आता ती चूक. १९९७ च्या पावसाळ्याअखेर आम्ही मंडळाच्या सात मुलांना घेऊन कालसीला गेलो होतो. यमुनेकाठचा सम्राट अशोकाचा शिलालेख मुलांना दाखवावा, हा हेतू. त्याआधीचे दोन महिने गाडी त्रास देत होती. स्टार्टर कण्हत फिरे, बॅटरी वरचेवर उतरे. आम्ही बॅटरी बदलली. नवी बॅटरीही उतरली. डायनामो काढून तपासून आणला. तो निर्दोष निघाला. प्रत्येक वेळी पैसे गेले, आणि प्रत्येक वेळी आता झाले म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

परतताना सांज झाली, पाऊस लागला आणि समोरचे दिवे पिवळे पडत पडत निखाऱ्यासारखे झाले. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीपाशी इंजिन बंद पडले ते पुन्हा फिरेना. मागे सात मुले, त्यांतली दोन रडकुंडीला आलेली, आणि दिव्याविना पुढे जाणे अशक्य. टपरीवर सैन्याच्या वाहनदुरुस्ती शाखेतून निवृत्त झालेले एक गढवाली सुभेदार बसले होते. त्यांनी आमची हकीकत ऐकून घेतली आणि एकाला स्टार्टर दाबायला सांगून स्वतः चोकच्या तारेला बोट लावले. बोट चटकन मागे घेऊन म्हणाले, “साहब, बिजली घर लौटे किधर से?”

चोकची ती बारीक तार चटका बसण्याइतकी तापली होती. गाडीत बॅटरीची एक बाजू तारांतून दिव्यांकडे व स्टार्टरकडे जाते. दुसरी बाजू सांगाड्याला जोडलेली असते. गेलेला प्रवाह लोखंडातूनच बॅटरीकडे परततो. परंतु इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची विणलेली जाड पट्टी असते. तीच परतीची वाट. दोन महिन्यांपूर्वी रबरी गाद्या बदलताना आम्ही ती पट्टी काढली होती आणि परत लावायला विसरलो होतो. तेव्हापासून स्टार्टरचा व डायनामोचा सगळा प्रवाह चोकच्या तारेसारख्या आडवाटांनी धडपडत जात होता. त्यामुळे स्टार्टरला जोर मिळत नव्हता आणि बॅटरी भरत नव्हती. निर्दोष बॅटरीला आणि निर्दोष डायनामोला आम्ही दोन महिने नावे ठेवली!

सुभेदारांनी एका ट्रकवाल्याकडून जाड तारेचा तुकडा मागून घेतला, दोन्ही टोके खरवडून एक इंजिनच्या बोल्टाखाली व दुसरे सांगाड्याच्या बोल्टाखाली आवळले. हँडल मारून इंजिन सुरू केले. अँमीटरचा काटा दोन महिन्यांत प्रथमच भरतीच्या बाजूला ठामपणे झुकला. मुले सुखरूप घरी पोहोचली. चहाचे पैसेसुद्धा त्यांनी आम्हांला देऊ दिले नाहीत.

त्या रात्रीपासून आम्ही शेडमधला शिरस्ता बदलला. तोच आज थोडक्यात सांगतो.

प्रथम हत्यारे. या गाडीचे नट इंची मापाचे आहेत, हे नव्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच घसरतो, नटाचे कोपरे जातात आणि सोलते ती आपली बोटे. म्हणून ७/१६, १/२, ९/१६ आणि ३/४ इंचाचे रिंग पाने वेगळ्या कापडी पिशवीत ठेवले आहेत. विजेच्या कामाची पेटी निराळी. तिच्यात तार सोलण्याची पक्कड, टोके दाबून बसवण्याची पक्कड, कथिल व राळ, पॉलिश पेपर, मल्टीमीटर, आणि छोटा बल्ब व दोन तारा जोडून घरीच केलेला तपासणीचा दिवा. या दिव्याने जितके दोष सापडले तितके महागड्या उपकरणाने सापडले नाहीत.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची सांगाड्याकडची जोडणी आधी सुटी करावी आणि शेवटी लावावी. असे केल्यास पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग दोष शोधावा तो क्रमाने. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या सांगाड्याकडील खांबाला व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर फिरवावा. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवले, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. ही तपासणी एका मिनिटाची. ती आम्हांस ठाऊक असती तर एका बॅटरीचे पैसे वाचले असते.

आमचा अनुभव असा की तार मधेच क्वचित तुटते. बिघडतात ते सांधे. या खोऱ्यात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. ओल शिरते, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. डिपरचे बटण पायाशी असल्याने बुटांचा चिखल थेट त्याच्यावर जातो. ते दर पावसाळ्यानंतर उघडून पुसावे. सांगाड्याला जोडताना रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्यावा, कारण रंगातून वीज जात नाही. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी कडी हवीच. नाहीतर हादऱ्यांनी आवरण कापले जाते. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली जोड ही दुरुस्ती नव्हे. आणि फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी त्या जागी कदापि गुंडाळू नये. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो उडाला म्हणजे त्याने आपले कर्तव्य केले.

शेवटची गोष्ट वहीची. पूर्वी आम्ही हाताशी येईल त्या रंगाची तार लावत असू. पुढच्या वर्षी लाल तार कुठली हे लावणाऱ्यालाही आठवत नसे. १९९८ पासून एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक तारेचा रंग, जाडी, ती कुठून कुठे जाते, कोणी व केव्हा बदलली, हे मराठीत लिहिले आहे. पहिल्या पानावर आमची ती चूक तारखेसह नोंदवलेली आहे. वहीतली तीन अक्षरे आता ओळखण्यापुरतीच उरली आहेत. ते सभासद आज आपल्यात नाहीत. परंतु गाडीखाली दिवा धरून बसले की त्यांनी घातलेली जोड सापडते, आणि ती अजून घट्ट असते.

तेव्हा कार्यकारिणीला आमची विनंती एवढीच आहे. मंडळातील तरुणांपैकी दोघे पुढे आले, मग ते मुलगे असोत वा मुली, तर आम्ही एक वर्ष दर रविवारी त्यांच्याबरोबर बसू. वर्षअखेरीस त्यांनी वही हातात घेऊन, आमची मदत न घेता, गाडीचा एक दोष शोधून दाखवावा. तसे झाले तर गाडी ठेवावी. कोणीच आले नाही तर खुशाल विकावी. मात्र घेणाऱ्याला गाडीबरोबर पान्यांची ती पिशवी आणि ती वही अवश्य द्यावी. वही मराठीत असल्याने तो वाचणाराही शोधून द्यावा लागेल, हे ओघाने आलेच.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता शेडचे दार उघडे असेल. जुने कपडे घालून यावे. चहा आमच्याकडे.