शवासन आणि शिक्षकाची विश्रांती
(लोहारा येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



योगासने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शीर्षासन करणारा पुरुष येतो. मला आज बोलावयाचे आहे ते शवासनाविषयी. यात काहीच करावयाचे नसते, आणि म्हणूनच ते साधावयास अवघड आहे. हठप्रदीपिकेने त्याची दोनच फळे सांगितली आहेत: श्रमपरिहार आणि चित्ताची विश्रांती. एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळून घसा बसलेल्या शिक्षकास याहून अधिक काय हवे?

ही केवळ श्रद्धेची बाब नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची शास्त्रीय परीक्षा चालविली. पुढे मुंबईचे डॉ. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्यांचा सरासरी दाब उतरला. औषध घेणाऱ्यांपैकी कित्येकांची मात्रा कमी करता आली. काहींना मात्र तसा लाभ झाला नाही. तेव्हा चालू असलेली गोळी कोणीही आपल्या मनाने सोडू नये.

कृती सोपी आहे. फरशी गार असते, म्हणून सतरंजीवर घोंगडी घालून उताणे निजावे. कंबर धरत असेल तर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात. जबडा सैल सोडावा. दिवसभर बोलणाऱ्याचा शीण तेथेच साठतो, असे मला वाटते. श्वास नाकाने, पोट हलकेच वर येईल असा घ्यावा. मनातल्या मनात तीन अंक मोजेपर्यंत आत, पाच अंक मोजेपर्यंत बाहेर. कोंडून धरू नये. मनगटावर बोट ठेवून पाहा: श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. दीर्घ उच्छ्वासाने मन निवते, त्यामागे शरीराचा हाच धर्म आहे.

आपल्या भागापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा माणसे झोपेत होती. याच तालुक्यातील सास्तूरसारख्या गावांत ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांतील एखाद्यास छताखाली डोळे मिटून निश्चल पडणे हीच शिक्षा वाटेल. त्याला आग्रह करू नये. भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून, दाराकडे तोंड करून बसावे आणि केवळ उच्छ्वास लांबवावा. तेवढ्यानेही विसावा मिळतो. पालकसभेत कोणी आजी असे म्हणाली, तर हसू नये.

वर्गात मुलांना निजविण्याइतकी जागा कोठून आणावी? त्यांनी बसल्या जागी दप्तरावर हात व हातांवर डोके ठेवावे, किंवा भुंग्यासारखा मंद गुंजारव करीत श्वास सोडावा. हे दुसरीच्या मुलांना फार आवडते. दोन-तीन मिनिटे पुरेत. चुळबुळ करणाऱ्यास छडी दाखवून शांत केले, तर ते शवासन राहत नाही. आणि कोणी खरोखरच झोपी गेले, तर त्याला झोपू द्यावे. पहाटे उठून शेतावर पाणी धरण्यास बापाबरोबर गेलेले ते पोर असेल.