कावळा, फांदी आणि आकाश



मी मराठीचा अध्यापक. खगोलशास्त्र हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. तरीही आज आकाशातील एका प्रकरणाविषयी बोलण्याचे धाडस करतो. ते प्रकरण पुराव्याचे आहे, आणि पुराव्याशी आपणा ग्रंथप्रेमींचे नाते जुने आहे.

४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील 'लायगो'च्या दोन वेधशाळांनी एका गुरुत्वीय लहरीची नोंद केली. सुमारे ३ अब्ज प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. अशी लहर नेमकी कोठून आली हे कळत नाही. आकाशाचा एक विस्तीर्ण पट्टा तेवढा दाखविता येतो. जगभरच्या दुर्बिणी तो पट्टा धुंडाळू लागल्या. सुमारे २३ तासांनी हवाई बेटांवरील 'ॲटलास' दुर्बिणीला त्यातच झपाट्याने मंदावणारा एक नवा प्रकाशबिंदू आढळला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघाल्याचे तोवर कोणी निर्विवादपणे दाखविले नव्हते. तो मान आपल्या पदरात पडावा, हा मोह किती प्रबळ असेल!

वरुण भालेराव आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी मात्र आधी विचारले: स्थळ जुळले, पण काळ जुळतो काय? गॅमा किरणांच्या स्फोटामागून उरणारी प्रभा ठरावीक रीतीने ओसरते. त्या उतरणीचा माग उलट काढीत गेले की तिचा जन्मक्षण हाती येतो. तो निघाला लहरीनंतर सुमारे २१ तासांचा. मग २०१५ साली भारताने सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहाच्या नोंदी पाहिल्या. लहरीच्या क्षणी त्यावरील एका उपकरणाच्या दृष्टीत त्या पट्ट्याचा निम्मा भाग होता; तेथे काहीच चमकले नव्हते. ५ जानेवारीस, त्याच सुमारास, गॅमा किरणांचा एक दीर्घ स्फोट मात्र नोंदला गेला होता. क्ष-किरण आणि रेडिओ वेधांशीही ही संगती जुळली. असे दीर्घ स्फोट सामान्यतः प्रचंड ताऱ्याच्या अंतकाळी होतात. म्हणजे लहर एका घटनेची आणि प्रकाश दुसऱ्याच घटनेचा!

आपले पूर्वज याला काकतालीय न्याय म्हणत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही. जुन्या बाडांतही हेच घडते. दोन रचना शेजारी उतरलेल्या असतात, आणि उतावळा अभ्यासक त्या एकाच कवीच्या नावावर घालतो. पुढे लेखनाचा काळ, भाषेचे वळण, कागदाची जात तपासली की ते नाते गळून पडते.

एक मोठा शोध 'आपला नव्हे' असे सांगणे, हेही ज्ञानच होय. ते सांगता आले, कारण कोणीतरी मुकाट्याने नोंदी ठेवल्या होत्या. शंभर वर्षे या ग्रंथालयाने तरी दुसरे काय केले? कोणत्या पानाची केव्हा गरज पडेल हे ठाऊक नसताना त्याने प्रत्येक पान जपले. त्या जपणुकीला वंदन करून मी आपली रजा घेतो.